तिसरी रिंग

यंदाच्या दिवाळी अंकाच्या संपादकीणबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, माहिती तंत्रज्ञानाची ओळख, नवशिक्यांसाठी, अगदी सोप्या शब्दांत. तुम्ही लालबागला एसटीडीचा बूथ चालवत होतात ना? तुम्हीच लिहा." मी चौथी पास. तीसुद्धा गावच्या शाळेतली, जिथे गुरुजी पेरणीला गेले की शाळा बंद. तरी लिहितो. पण माझ्या पद्धतीने लिहीन. नाही आवडलं तर छापू नका. मनधरणी करणं मला मिलमध्ये जमलं नाही, ते आता म्हातारपणी काय जमणार?

तर नवशिक्यांनो, तंत्रज्ञान राहू द्या बाजूला. आधी माहिती म्हणजे काय ते सांगतो. जे आपल्याला ठाऊक नव्हतं ते कळलं, म्हणजे माहिती. ठाऊक होतं तेच परत सांगितलं तर ती बडबड. आणि जे नाही तेच सांगितलं तर? त्याला काय म्हणतात ते कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. त्याचीच ही हकिकत आहे.

मी साचेखात्यातला. म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथला. शेकडो साचे एका छताखाली धडधडत असायचे, शेजारच्याच्या कानात बोंब मारली तरी त्याला ऐकू जात नसे. म्हणून आमची बोली हातांची. दोन बोटं कातरीसारखी हलवली की ताणा तुटला. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, येतोय. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. हे कुणी वहीत लिहून दिलेलं नव्हतं. नवा माणूस आला की आठवड्यात शिकायचा, नाहीतर मार खायचा. हल्ली कॉम्प्युटरवाले ह्यालाच 'प्रोटोकॉल' म्हणतात आणि त्याचे क्लास काढतात. सांगणारा आणि ऐकणारा, दोघांनी आधीच ठरवून ठेवायचं की कुठल्या खुणेचा काय अर्थ. एवढंच आहे ते. खूण आयत्या वेळी ठरवता येत नाही.

ह्या साच्यांनी माझा उजवा कान खाल्ला, डावा अर्धा ठेवला. मग संप झाला. 'झाला' म्हणतो, 'संपला' म्हणत नाही, कारण तो मागे घेतला असं मला आजतागायत कुणी येऊन सांगितलेलं नाही. मिलचा दरवाजा बंद झाला तो आमच्यासाठी बंदच राहिला. काही वर्षं भाजी विकली, गिरगावात एका वाडीत पाणी भरलं, नाक्यावर उभा राहिलो. मग कुणीतरी सांगितलं की अपंगांच्या कोट्यातून फोनचे बूथ मिळतात. सरकारी डॉक्टरने माझ्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली. मी वळलो नाही. तेवढ्यावर मिळाला. ज्याला ऐकू येत नाही त्याला सरकारने टेलिफोन दिला! अख्खी चाळ हसली. मला नाव पडलं बहिरोबा. "बहिरोबा, रत्नांग्री लाव," "बहिरोबा, लाईन आहे काय?" असं. मी मनावर घेतलं नाही. रिसीव्हर डाव्या कानाला घट्ट लावला की मला उत्तम ऐकू यायचं. माणसांपेक्षा फोन स्पष्ट बोलायचा.

पिवळा बोर्ड, एक काचेची केबिन, लाल आकड्यांचा मीटर, बाहेर माझी खुर्ची. नवीन पोरांना हे सांगून पटत नाही, पण तेव्हा गावाला फोन लावणं म्हणजे सोहळा होता. नंबर फिरवायचा, मग वाट पाहायची. लागला तर लागला. गावात फोन एखाद्या दुकानात. दुकानदार उचलणार, मग वाडीवर माणूस धाडणार, मग ती बाई पदर सावरत येणार, तोवर इथे मीटर पळतोय. मीटर कसा पळतो? त्याला पल्स म्हणत. माणसाची नाडी चालते तशी ती फोनची नाडी. गाव जितकं लांब, तितकी नाडी जलद. पण समोरच्याने उचलल्याशिवाय ती सुरू होत नाही. घंटा कितीही वाजो, उचलला नाही तर मीटर मेलेला. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. गाव जितकं दूर तितका आवाज मोठा असं समजून बोंबलणारे तर रोजचे. डॉकयार्डात कामाला असलेला माझगावचा एक जण मस्कतला भावाशी बोलताना केबिनची काच हलवायचा. एक वहिनी सासूबद्दल बोलायची वेळ आली की रिसीव्हरवर पदर धरायची. सासू बसलेली चिपळूणला. मी म्हटलं, "वहिनी, पदराने काय होतं? त्यांना ऐकूच जात नाहीये." तर म्हणाली, "त्यांचे कान तुम्हांला माहीत नाहीत."

पुढे मी फॅक्सचं यंत्र घेतलं. आमच्याच साचेखात्यातला एक म्हातारा विणकर त्याचा अर्ज पाठवायला आला. कागद एका बाजूने आत गेला, दुसऱ्या बाजूने बाहेर आला. मी म्हटलं, "गेला." त्याने कागद उचलला, उलटासुलटा केला आणि भडकला. "गेला काय? हा काय माझ्या हातात! कापडाचा तागा गोडाऊनला गेला की खात्यात राहतो काय रे? मला शेंडी लावतोस?" त्याचं काही चुकत नव्हतं. जन्मभर आम्ही अशी वस्तू केली जी एका वेळी एकाच ठिकाणी असते. माहिती तशी नसते. ती देऊनही तुमच्याकडे उरते. त्याला हे समजावता समजावता माझी दुपार गेली आणि तो अर्ज परत एकदा पाठवूनच घरी गेला. पलीकडच्या साहेबाला दोन मिळाले. उत्तर एकाचंही आलं नाही.

आता भिकाजी.

भिकाजी माझ्या शेजारच्या साच्यावरचा. मालवणकडचा. मी साताऱ्याचा, म्हणून तो मला घाटी म्हणायचा, मी त्याला कोकण्या. दहा-बारा जणांच्या गाळ्यात राहायचा. लग्न राहूनच गेलं. गावाला आई एकटी, थोडं भातशेत आणि शेजारच्या घरात चुलतभाऊ बाबल. संपाच्या पहिल्या वर्षी भिकाजी कंटाळून गावी गेला, तर बाबलने भर अंगणात पाच माणसांसमोर विचारलं, "काय मुंबयकर, आता नांगर धरतलस? हात दुखतले हां!" भिकाजी तिसऱ्या दिवशी परत आला. आणि थोड्या महिन्यांनी त्याने आईला कळवलं की मिल सुरू झाली, मला परत घेतलं.

घेतलं कुठलं? तो लालबागच्या मिरची गल्लीत पोती वाहत होता. दुकानातून डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, आणि डंकावरून दुकानात. दिवसभर मिरची खांद्यावर. रात्री डोळे लाल, लोक म्हणायचे भिकाजी पितो. पीत नव्हता.

"आवशीक कळता नये," आईला कळता कामा नये, एवढंच त्याचं. मला दहा वेळा शपथ घातली. गणपतीला गावी जाताना पँटला कडक इस्त्री करायचा. पत्र लिहायचा नाही. म्हणायचा, "पत्रात चार वळी तरी भरूक व्हयी. दोन रिंगांत खोटा कमी लागता."

दोन रिंगांचं सांगतो. ही आमच्या चाळींची रीत होती, माझ्या बूथचीच नव्हे. ठरलेल्या वेळी गावी फोन लावायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. गावच्या दुकानात माणूस नुसता बसून ऐकणार. दोन वाजून थांबली म्हणजे मुंबईला सगळं ठीक. तिसरी वाजली तर उचल, काहीतरी वाईट आहे. उचलला नाही म्हणून मीटर नाही. फुकटात निरोप. मला ह्यातून दमडी मिळत नव्हती, उलट रविवारी सकाळी माझी केबिन ह्या रिंगावाल्यांनी अडवलेली. पण मी कधी हाकललं नाही. ते माझ्याच खात्यातले होते.

नवशिक्यांनी इथे थांबून विचार करावा. कॉम्प्युटरमध्ये म्हणे सगळं शून्य आणि एक ह्या दोन खुणांवर चालतं. आमचं काय वेगळं होतं? तिसरी वाजली, नाही वाजली. दोनच खुणा. त्यात 'ठीक' मावतं, 'ठीक नाही' मावतं. पण ठीक म्हणजे काय ते मावत नाही. मिरचीचं पोतं त्यात मावत नाही. गावच्या दुकानाच्या पायरीवर भिकाजीची आई दर रविवारी बसायची, दोन रिंगा मोजायची आणि उठून घरी जायची. कित्येक वर्षं.

मग तिकडे एक्स्चेंज बदललं. नवीन, इलेक्ट्रॉनिक. आम्हांला काय त्याचं? लाईन साफ झाली, आम्ही खूश. पण एक गोष्ट आम्हा कुणालाच ठाऊक नव्हती. आपण फोन लावला की आपल्या कानात जी घंटा वाजते, ती तिकडची घंटा नसते. ती एक्स्चेंज आपल्या समाधानासाठी वाजवतं. तिकडे खरी घंटा वेगळी वाजते. जुन्या यंत्रावर दोन्ही बहुधा जुळून यायच्या, निदान आमच्या जुळायच्या. नव्यावर ते जुळणं सुटलं. इथे तुम्ही दोन ऐकता, तिथे कधी दोन, कधी तीन. हे मला पुढे एका लाईनमनने बिडी ओढता ओढता सांगितलं आणि वर म्हणाला, "एवढं साधं माहीत नव्हतं तुम्हांला?" नव्हतं. सांगितलं कुणी होतं? मिलमध्ये नवा साचा आला तर जॉबर येऊन दाखवायचा तरी. इथे रात्रीत यंत्र बदललं आणि आमच्या भाषेवर नांगर फिरला, त्याची एका ओळीची नोटीसही कुठे लागली नाही.

त्या रविवारी भिकाजीने नंबर फिरवला, दोन रिंगा ऐकल्या, रिसीव्हर ठेवला. मी मीटरकडे पाहत होतो. तो ठेवता ठेवताच मीटर हलला.

"भिकाजी, उचलला तिकडे कुणीतरी," मी म्हटलं.

"गप रे बहिरोबा. तुका कान नाय आणि माका शिकवतंस."

"कान नाही, डोळे आहेत. पल्स पडला. परत लाव आणि सांग चुकून झालं म्हणून."

तो केबिनच्या दारात उभा राहिला. मग म्हणाला, "परत लावलंय तर बोलूक लागतला." आणि गेला, डंकाकडे.

मी सांगितलं होतं. हे मी लिहून ठेवतो, कारण चाळीत पुढे लोक म्हणाले की बहिरोबाला ऐकू आलं नाही म्हणून सगळं झालं. माझ्या कानाचा त्यात काही दोष नाही. ऐकायला नको होतं ते भिकाजीला.

सोमवारी सकाळी बूथसमोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पायात धूळ. रात्रभर एसटीत बसून आली होती. गाळ्यातल्या कुणीतरी तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

"भिकाजी खंय आसा? माझो झील? जिवंत आसा मां?"

मी उठलो, तिला खुर्ची दिली. बसेना. "तिसरी रिंग वाजली. दिगू दुकानदारान उचलल्यान तर आवाजच नाय. सांग बाबा, काय तां सांग."

"काकी, भिकाजी ठणठणीत आहे. मशीनची चूक झाली."

"मशीनची? मगे तो खंय आसा? मिलेत?"

शपथ होती. मी एका पोराला गल्लीत पिटाळलं की भिकाजीला म्हणावं कपडे बदलून ये. पण निरोप पोचता पोचता निम्मा होतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. पोराने सांगितलं फक्त "तुमची आई आली." भिकाजी खांद्यावरच्या पोत्यासकट धावत आला.

म्हातारीने आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग पोत्याकडे पाहिलं.

"ह्या काय?"

"मिरचेचा पोता, आये."

"मिलेत मिरची गावता?"

भिकाजीने पोतं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? त्याने सांगितलं. रस्त्यावर, माझ्या बूथसमोर, मान खाली घालून, मराठी बोलतो की मालवणी ह्याचं भान न ठेवता सगळं सांगितलं. मिल कधीच सुरू झाली नाही. परत कुणी घेतलं नाही. इतकी वर्षं पोती.

मला वाटलं म्हातारी रडेल. ती रडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "शेत दिलंय मी."

"कोणाक?"

"बाबलाक. तो म्हणाला, काकी, तुका जमणा नाय, भिकाजीक नको, माका दी. मी म्हटलंय, घे. माझो झील मिलेत आसा, तेका चिखलात कित्याक ओढू? पुढल्या सोमवारी कागद करूचे आसत."

आता माझं डोकं चालायला लागलं. कागद अजून झाला नव्हता. मी म्हटलं, "काकी, मग बिघडलं काय? आत्ता फोन लावा. दिगूला सांगा, बाबलला निरोप द्या की शेत द्यायचं नाही, भिकाजी परत येतोय. भिकाजी, जाशील ना?"

भिकाजीने मान हलवली. त्या मान हलवण्यात मी त्याला पहिल्यांदाच इतका हलका झालेला पाहिला. "जातंय," म्हणाला. "नांगर धरतंय. हसांदे कोण हसता तो."

म्हातारी उठली. मी स्वतः नंबर फिरवला. एका फटक्यात लागला. लाईन अशी साफ की दिगूच्या दुकानातला तराजू खणकला तर तो ऐकू यावा. मी रिसीव्हर तिच्या हातात दिला. केबिनचं दार तिने लावलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा फोन धरत होती. आम्ही दोघं दारात उभे. दिगूने उचलला, आणि तिकडे सगळी वाडी दुकानात जमलेली असणार, कारण काकी मुंबईला धावली ही बातमी तोवर घराघरांत गेली होती. दिगूने फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात दिला.

"कोण? बाबल?" म्हातारी म्हणाली.

मग थोडा वेळ ती नुसती ऐकत होती. तिकडून बाबल काय विचारत होता ते मला कळलं नाही. मागे कुणीतरी हसलं, ते मात्र माझ्या अर्ध्या कानालाही ऐकू आलं.

म्हातारीची पाठ सरळ झाली.

"बरो आसा," ती म्हणाली. "काय नाय झाला. लाईन खराब होती... होय... मिल? चलता मां. मोठी आसा मिल. आजच दाखवल्यान माका... होय, होय. तू कागद तयार ठेव. मी येतंय सोमवारी."

आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. ठेवायचा कसा ते तिला ठाऊक नव्हतं.

भिकाजी म्हणाला, "आये, शेत..."

"गप रव. बाबलाच्या दारात रडान शेत मागू मी? पाच माणसांत?"

"अगो पण तांच तर एक होता."

"होता," म्हातारी म्हणाली. "तूच घालवलंस. मी नाय."

मी मध्ये पडलो. परत लावतो म्हटलं, मी बोलतो बाबलशी म्हटलं, वाटल्यास चार शिव्या घालतो म्हटलं. म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला. यंत्र चोख होतं, लाईन चोख होती, पलीकडे हवा तो माणूस उभा होता. क्लासवाले ह्याला यशस्वी संदेशवहन म्हणतील.

मग ती भिकाजीला म्हणाली, "आता चल, मिल दाखय माका. सांगितलंय तां खोटां होवक नको."

भिकाजी हलेना. मी बूथला कुलूप लावलं. सोमवारी सकाळी, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी. म्हटलं, चला, मी येतो. तिघे चालत गेलो. म्हातारी मध्ये, पिशवी काखेत, दोन्ही बाजूंना आम्ही दोन साचेवाले. रस्त्यात मिलची चिमणी दिसली तेव्हा तिने मान वर करून विचारलं, "हीच?" भिकाजी "होय" म्हणाला. चिमणीतून धूर नव्हता. त्याबद्दल तिने विचारलं नाही.

गेटला साखळी. आत गवत वाढलेलं. वॉचमन नवा, उत्तरेकडचा, स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. ज्या दरवाज्यातून आम्ही पाळीला आत शिरायचो, त्याच दरवाज्यावर त्याने आम्हांला हाताने थांबवलं.

"किससे मिलना है?"

आत भेटण्यासारखं एक नाव आम्हा दोघांकडे नव्हतं. जॉबर गेला, कारकून गेले, साचे भंगारात गेले म्हणे.

म्हातारी पुढे झाली. तिला हिंदी येत नव्हतं. त्या वाक्यातला एकच शब्द तिला ओळखीचा वाटला होता.

"अरे माताजी, मिलना किससे है?" वॉचमनने परत विचारलं, जरा चढ्या आवाजात.

"होय रे बाबा," म्हातारी म्हणाली. "मिलच."